तुम्ही कोणाच्या?

कोकणात लहान मुलीला कोणी आधी नाव विचारत नाही. 'कोणाची गो तू?' असे विचारतात. रत्नागिरीच्या आळीत या प्रश्नाला 'मास्तरांची' असे उत्तर देत मी मोठी झाले. मी दत्तक आहे हे लग्न ठरले तेव्हा आईनेच सांगितले. १९७० साली मुंबईच्या एका संस्थेतून, तीन महिन्यांची असताना, मला आणले होते. सासरी सांगूनच लग्न झाले आणि पुढे घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

आई २०१६ साली गेली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत चांदीच्या निरांजनाखाली एक पाकीट होते. आत कोर्टाच्या परवानगीचा कागद आणि संस्थेच्या बाईंनी वडिलांना लिहिलेले पत्र. पत्रात शेवटी दोन वाक्ये होती. मुलीची आई बेने इस्रायल समाजाची, अलिबाग तालुक्यातील अमुक गावची आहे. ही गोष्ट मुलीला सांगायची की नाही, ते आपण ठरवावे.

त्या दोघांनी ते शेवटपर्यंत ठरवले नाही. मला आईचा राग आला. पोस्टातली नोकरी सांभाळून मी मोडी शिकले होते, दप्तरे चाळली होती, गावातल्या चार घरांना त्यांच्या वंशावळी लावून दिल्या होत्या. आई हे सगळे पाहत होती आणि तिच्या ट्रंकेत हा कागद होता. काही महिने मी त्या ट्रंकेला हात लावला नाही. मग ज्या मार्गाने इतरांची कुळे शोधली, त्याच मार्गाने निघाले. या लेखात त्या शोधाची हकिगत आहे. पण माझी गोष्ट त्यात थोडी आहे. बरीचशी एका समाजाची आहे, ज्याला आपण कोण हे बऱ्याच उशिरा आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून कळले.

शनिवार तेली

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलचे पुत्र. त्यांची मूळ कथा अशी, की पूर्वज गलबतातून येत असताना अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी, खांदेरी-उंदेरी बेटांच्या आसपास गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते नवगावला पुरली. तिथे आज स्मारक आहे. हाइम शमुएल केहिमकर यांनी १८९७ साली या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला थेट १९३७ साली, तेल अवीवहून. त्यांनी या आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १७५ वर्षे असा धरला आहे. त्याला समकालीन पुरावा नाही. ती परंपरा आहे.

ही कथा वाचताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला दुसरी एक कथा आठवल्याशिवाय राहत नाही. समुद्राने किनाऱ्याला लावलेली चौदा प्रेते परशुरामाने चिपळूणजवळ जिवंत केली, ही चित्पावनांची उत्पत्तिकथा. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे चौदा माणसे. या साम्यावरून दोन्ही समाजांचे मूळ एकच असे सांगणारेही निघाले. मला तसे वाटत नाही. किनाऱ्यावर बंदरे एक, वाटा एक, म्हणून कथाही एकमेकींकडून उसन्या घेतल्या जातात. कथा सारखी म्हणून रक्त सारखे, असा हिशोब मांडला तर कोकणात कोणाचेच गोत्र जागेवर राहणार नाही.

पुराव्याने दिसते ते असे. हे लोक अलिबाग, चौल, रेवदंडा, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यात विखरून राहत आणि तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' नाव दिले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. गावाच्या दृष्टीने फरक एवढाच होता, सुटीच्या वाराचा. भाषा मराठी, बायकांचे लुगडे मराठी, आडनावे गावावरून पडलेली. किहीमचे केहिमकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. अशी 'कर'ने संपणारी त्यांची आडनावे शंभराहून अधिक आहेत.

हिब्रू त्यांना येत नव्हती. ग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता. १७६८ साली कोचीनच्या यहेज्केल राहाबी यांनी ॲमस्टरडॅमच्या तोबियास बोआस यांना एक पत्र लिहिले. त्यात मराठ्यांच्या मुलखातल्या या तेल गाळणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो. त्यांना शेमा ही एक प्रार्थना आणि शनिवारचा विसावा एवढेच ठाऊक, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी १७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रातही हे लोक भेटतात. या पत्रात त्यांच्या वस्तीचे ठिकाण म्हणून राजापूर असे नाव आहे. ते वाचून माझे काळीज धडधडले. राजापूर म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले! दोन दिवस मी त्या आनंदात होते. मग नकाशा उघडला. जंजिऱ्यासमोर दंडा-राजपुरी आहे, त्याच्या आसपास या समाजाची जुनी वस्ती आहे, त्यांच्यात राजपूरकर हे आडनावही आहे. सरळ अर्थ राजपुरी असाच लागतो. आपले मूळ आपल्या दारातच सापडावे असे वाटू लागले की कागद आपल्याला हवे ते बोलू लागतो. दुसऱ्यांच्या वंशावळी लावताना हे मी अनेकांना सांगितले होते.

मासे निवडणाऱ्या बायका

ग्रंथ नसताना धर्म टिकला कसा, याचे उत्तर सणांच्या नावांत आहे. यहुदी नववर्षाला ते 'नव्याचा सण' म्हणत. ज्या दिवशी उपास करून, दारे लावून घरात बसायचे तो 'दारफळणीचा सण'. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा दिवस तो 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करायचे. खीर करायची तो 'खिरीचा सण'. मंदिर कोणते, ते कोणी पाडले, हे विसरले होते. बिरडे विसरले नव्हते.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबून पुन्हा वाचली. ही नावे पंडितांनी दिलेली नाहीत. ती चुलीपाशी पडलेली आहेत. नवसाला करायचा मलिदाही तसाच. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, शेजारी फळे, आणि आठवण एलियाहू हन्नाबीची. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे, अशी या समाजाची श्रद्धा आहे. तिला 'टापा' म्हणतात.

आता राहाबीची गोष्ट. दावीद राहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ कोकणात आला. या तेल्यांच्या चालीरीती पाहून त्याला शंका आली. खात्री करून घेण्यासाठी त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे टाकले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोरामध्ये हाच नियम आहे. त्यावरून राहाबीने ओळखले की हे आपलेच लोक. मग त्याने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवून काजी नेमले. हा राहाबी कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी त्याला फार जुना धरतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला मानतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की परीक्षा बायकांची झाली आणि ती स्वयंपाकाची होती. वंशावळ कोणी विचारली नाही.

हे वाचल्यावर मी एका सकाळी मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेले आणि उगाचच मनात वाटे करून पाहिले. बांगडा, पापलेट, तारली एकीकडे. मुशी, शिंगाळा, वाम, कोळंबी, खेकडे दुसरीकडे. दुसरा वाटा माझ्या आवडीचा होता. आईच्या हातचे खेकड्याचे कालवण खाऊन मी वाढले. माझ्या रक्तातून खेकड्याचा तिटकारा काही आला नाही. आला असता तर गोष्ट छान रंगली असती, पण नाही आला. मासे कसे निवडायचे ते मला आईने शिकवले, आणि तिची निवड ताज्या आणि शिळ्याची होती.

कळल्यानंतर

अठराव्या शतकात या समाजाचे पाऊल मुंबईकडे वळले. इंग्रजांच्या फौजेत बरेच जण शिरले. शमुएल एझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. टिपूच्या कैदेतून सुटका झाली म्हणून त्यांनी ते बांधले, असे सांगतात. लोक त्याला 'इस्रायलांची मशीद' म्हणत आणि मस्जिद स्टेशनाला नाव त्यावरूनच पडले, असे मुंबईत मानले जाते. १८३२ साली जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. विल्सन मिशनरी होते आणि त्यांचा हेतू ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा होता. पण त्या व्याकरणाच्या आधारे हे लोक ख्रिस्ती न होता अधिक पक्के यहुदी झाले. अलिबागचे सिनेगॉग १८४८ सालचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांच्यात मराठी कीर्तने होऊ लागली, आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे आणि चाल आपल्याच कीर्तनाची.

मात्र आपण कोण हे कळले की आपल्यातला अस्सल कोण, हा प्रश्नही लगेच उभा राहतो. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. बाहेरच्या बायकांपासून झालेली संतती ती काळे इस्रायल. त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे, आणि प्रार्थनास्थळातही काळ्यांना मागे राहावे लागे. गेल्या शतकात ही दरी हळूहळू बुजली. पण होती ती होती. ज्यांना कोणे एके काळी दुसऱ्याने ओळख दिली, त्यांनीही घरातल्या काहींना उंबऱ्याशीच थांबवले.

मग त्यांच्याच वाट्याला ते आले. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावण्याआधी तिच्या आईकडच्या पिढ्या तपासून पाहाव्यात. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना, तुमच्या आज्या नक्की यहुदी होत्या का, असे विचारण्यात आले. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणे धरून बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे जाहीर केले आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले.

२०१६ साली, माझी आई गेली त्याच वर्षी, या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही वाटे मोठे आहेत. मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले. यहुदी वाटा अधिक करून पुरुषांकडून आला आणि इथला वाटा अधिक करून बायकांकडून.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. गोरे आणि काळे हा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला, पण मागे गेले तर आया बहुतेकांच्या कोकणातल्याच निघतात. म्हणजे बाहेरच्या घरातून आलेल्या बायका या घरच्या झाल्या. शनिवारी चूल कशी ठेवायची, कोणता मासा घ्यायचा, बिरडे कधी करायचे, हे त्यांनी शिकून घेतले आणि लेकीसुनांना शिकवले. राहाबीच्या परीक्षेला बसल्या त्या याच बायकांच्या लेकी-नाती. या समाजाचा धर्म ज्यांनी राखला त्या बायका, आपल्या भाषेत बोलायचे तर, त्या घराने दत्तक घेतलेल्या होत्या. मी इतकी वर्षे जुनी कागदपत्रे वाचते आहे, पण दत्तक या शब्दाचा इतका मोठा अर्थ मला कोणत्याही दप्तरात मिळाला नव्हता.

दोन कायदे

पूर्वीच्या हिंदू धर्मशास्त्रात दत्तक म्हणजे मुलगाच, पिंड द्यायला आणि वतन चालवायला. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत दत्तकांचे जेवढे वाद इतिहासात आहेत ते सगळे मुलांचे. मुलगी दत्तक घेण्याची सर्वसाधारण वाट उघडली ती १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने. १९६२ साली त्यात दुरुस्ती झाली. आईबापांनी टाकलेले किंवा ज्याचे आईबाप ठाऊक नाहीत असे मूल हिंदू म्हणून वाढवले गेले, तर तो कायदा त्याला हिंदूच धरतो. या कायद्याने मी हिंदू. कशाने? तर वाढवण्याने.

यहुदी धर्मशास्त्र वेगळे सांगते. यहुदी आईच्या पोटी जन्मलेले मूल यहुदी. बाप कोण, मूल कुठे वाढले, त्याला हे ठाऊक आहे की नाही, हे तिथे विचारत नाहीत. या शास्त्राने मी यहुदी आणि माझी मुलगीही. पुण्याला असलेल्या मुलीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, मग आजी कोणाची?" तिला आजी म्हणजे माझी आई अभिप्रेत होती, ट्रंकेतली. मला उत्तर देता आले नाही.

दत्तक मुलांना आता आपले मूळ शोधण्याची वाट कायद्याने मिळाली आहे. अठरा वर्षांनंतर अर्ज करता येतो. पण जन्मदात्रीचा खासगीपणा मोडता येत नाही. तिने नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर तिची संमती लागते. ती मिळाली नाही किंवा तिचा ठावठिकाणा लागला नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत दिले तेवढे सांगतात. मी २०१८ साली अर्ज केला. उत्तर आले. वय एकोणीस, अविवाहित, मुलाचा बाप दुसऱ्या समाजाचा, नाव गुप्त ठेवण्याची विनंती, जुन्या पत्त्यावर आता कोणी नाही. सहा ओळी होत्या.

गोऱ्या-काळ्यांचा इतिहास वाचून झाला होता, म्हणून त्या ओळी मी तशाच वाचू शकले नाही. काळ्यांच्या आया बाहेरच्या होत्या, तरी त्यांना घरात घेतले, फक्त मागे बसवले. माझी आई आतली, म्हणजे शास्त्राने मी आतली, आणि मला मात्र बाहेर द्यावे लागले. यात मी त्या समाजाला दोष देत नाही. १९७० साली आपल्या कोणत्याही जातीत एकोणीस वर्षांच्या अविवाहित मुलीला मूल घेऊन घरी राहता आले असते, असे ज्याला वाटते त्याने आधी आपल्या घरातल्या जुन्या बायकांना विचारावे.

गाव

शेवटी पत्रातले ते गाव पाहायला मी गेले. गावाचे नाव इथे लिहीत नाही. या समाजात गाव म्हणजेच आडनाव, आणि गाव लिहिले की घर ओळखू येते. तिने नाव गुप्त ठेवायला सांगितले होते. तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

गावात बेने इस्रायलांचे एकही घर राहिलेले नाही. साऱ्या भारतात आता यहुदी पाच हजारांच्या आसपास आहेत. महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली, तोवर बहुतेक जण इस्रायलला गेले होते. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. गावाबाहेर त्यांचे कबरस्तान आहे. कबरींवर वर हिब्रू, खाली मराठी, तीही आपल्या वळणाची, 'कै.' लावलेली. झाडझाडोरा माजला होता. एक वृद्ध गृहस्थ कोयत्याने पायवाट मोकळी करत होते. दुसऱ्या गावचे होते, बेने इस्रायल, आपणहून येऊन साफसफाई करणारे. त्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही कोणाच्या?"

मी खोटे बोलू शकले असते, संशोधक आहे म्हणून सांगू शकले असते. मी म्हटले, "रत्नागिरीच्या एका मास्तरांची. पण जन्म देणारी इथली होती." त्यांनी थोडा वेळ काही विचारले नाही. मग कोयता खाली ठेवला आणि म्हणाले, "मग आमच्याच की. पाणी घेता?"

त्यांना माझ्याकडून कागद नको होता. मीही दाखवला नाही. त्या दिवशी तिथल्या एकोणतीस कबरींवरचा मराठी मजकूर मी उतरवून घेतला. त्यांनी हिब्रू वाचून दाखवली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेले, आता दरवर्षी जाते. कोणत्या कबरीत माझे कोण, हे मी विचारत नाही. सगळ्याच उतरवते.

शेजारच्या बाई विचारतात, "मग आता इस्रायलला जाणार का?" नाही. मी देवघरात निरांजन लावते, आईचेच, ट्रंकेतले. खेकडेही सोडलेले नाहीत. वर्षातून एकदा बिरड्याचा सण कधी येतो ते पाहून त्या दिवशी वाल भिजवते, एवढे मात्र सुरू केले आहे. मुलीने कृती लिहून घेतली. आईवरचा रागही उतरला. ती घाबरली असणार. आपली मुलगी कोणी घेऊन जाईल, ही भीती तिला शेवटपर्यंत होती, आणि तरीही तिने तो कागद फाडला नाही, चांदीखाली ठेवला.

वाचकांकडे एक मागणे आहे. अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत अनेक घरांत शेजारच्या इस्रायल कुटुंबाने जाताना ठेवायला दिलेल्या वस्तू पडून आहेत. कीर्तनाची पोथी, मराठी अक्षरातले प्रार्थनेचे पुस्तक, लग्नाची पत्रिका, घाण्याच्या हिशोबाची वही. रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहा. त्यात कोणा तरी माणसाच्या प्रश्नाचे उत्तर असेल.